ब्रिटनमध्ये कुणी ‘फिट’ म्हणालं तर

ब्रिटनमध्ये एखादा माणूस दुसऱ्याबद्दल ‘ही इज फिट’ किंवा ‘शी इज वेल फिट’ म्हणाला, तर विषय बहुधा तब्येतीचा नसतो. दिसायला देखणा आहे, नजर हटत नाही, असं त्याला म्हणायचं असतं. हा अर्थ आपल्याला शाळेच्या इंग्रजीत भेटत नाही. आयईएलटीएसच्या पुस्तकांत नाही आणि नर्सेस देतात त्या ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीतही नाही. इथे उतरल्यावर मात्र तो लगेच कानावर पडायला लागतो. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, वॉर्डातल्या चहाच्या खोलीत.

मी मूळची मिरजेची, इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये नर्स आहे. आपल्याकडून नव्याने आलेल्या मुलामुलींना सुरुवातीच्या दिवसांत जे जे सांगावं लागतं, जीपीकडे म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नोंदणी, बसचा पास, पावसात न गळणारे बूट, त्यात हा शब्दही मी आवर्जून घालते. अनोळखी शब्द आला की आपण विचारतो. ‘फिट’ मात्र आपल्याला लहानपणापासून माहीत आहे असं वाटतं, म्हणून कुणी विचारतच नाही आणि गैरसमज तसाच पुढे जातो. माझं सांगणं एवढंच की हा शब्द कानाने पक्का ओळखा आणि तोंडाने फार जपून वापरा.

ऐकताना

शब्दाच्या आगेमागे काय आहे, त्यावर निम्मं काम होतं. पुढे ‘फॉर’ किंवा ‘टू’ आलं तर गोष्ट तब्येतीची किंवा लायकीची: ‘फिट फॉर वर्क’, ‘फिट टू ड्राइव्ह’, ‘फिट टू फ्लाय’. आधी ‘वेल’, ‘प्रॉपर’, ‘सो’ असा जोर देणारा शब्द आला आणि बोलणं माणसाबद्दल असलं, तर ते रूपाबद्दल असण्याची शक्यता जास्त. लिव्हरपूल-मँचेस्टरकडे ‘डेड फिट’ ऐकू येईल. दचकू नका, तिथल्या बोलीत ‘डेड’ म्हणजे नुसतं ‘फार’. ‘फिट ॲज अ फिडल’ म्हणजे ठणठणीत. उत्तरेकडची वयस्क मंडळी त्याच अर्थाने ‘फिट ॲज अ बुचर्स डॉग’ म्हणतात. एखाद्या आजोबांबद्दल ‘ही इज फिट फॉर हिज एज’ म्हटलं, तर ते वयाच्या मानाने काटक आहेत, एवढंच.

बोलणाऱ्याचं वयही ध्यानात घ्या, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. देखणेपणाचा हा अर्थ छापील इंग्रजीत १९८० च्या दशकापासून दिसतो. त्या वेळी विशीत असलेले लोक आता साठीला टेकलेत. त्यामुळे पन्नाशीची रिसेप्शनिस्टसुद्धा नव्या डॉक्टरबद्दल ‘ही इज फिट’ म्हणते आणि तिला अगदी तेच म्हणायचं असतं. सत्तरी ओलांडलेल्या बाई मात्र ‘माय हजबंड वॉज ऑल्वेज व्हेरी फिट’ म्हणाल्या, तर बहुतेक त्या नवऱ्याच्या चालण्याबद्दल आणि बागकामाबद्दल बोलत असतात.

बाई आणि पुरुष, दोघांनाही हा शब्द लागतो. ‘हँडसम’ पुरुषाला आणि ‘प्रिटी’ बाईला, अशी जी विभागणी आपण शिकलो, ती इथे नाही. आणि तो फक्त दिसण्याबद्दल बोलतो. स्वभाव, हुशारी, घराणं यांतलं काहीच त्यात येत नाही.

उच्चाराने फसायला होतं ते निराळंच. लंडनमध्ये आणि आता इतरत्रही तरुण मुलं शेवटचा ‘ट’ घशातच अडवतात. कानावर नुसतं ‘फि’ येतं आणि तिथेच तुटतं. आपल्या जिभेची खोड उलटी आहे. आपण ‘इ’ लांबवतो आणि ‘फीट’ म्हणतो, मग ऐकणाऱ्याला पाय ऐकू येतात. इकार झटकन, आखूड ठेवा.

आणखी एक ‘फिट’ अमेरिकेतून आला आहे, तो म्हणजे ‘आउटफिट’चा तुकडा. ‘आय लाइक युअर फिट’ म्हटलं तर कौतुक कपड्यांचं आहे. बोलताना ‘युअर’ आणि ‘यू आर’ सारखेच ऐकू येतात, म्हणून गोंधळ होतो. हा फिट नेहमी कुणाचा तरी असतो: माय फिट, युअर फिट, दॅट फिट. दिवाळीच्या कार्यक्रमाला तुम्ही पैठणी नेसून गेलात आणि सोबतची मुलगी ‘दॅट फिट!’ म्हणाली, तर ती पैठणीलाच दाद देते आहे. ‘थँक यू’ म्हणा आणि येवल्याची गोष्ट सांगा, लोकांना ती ऐकायला आवडते.

अमेरिकेत मात्र माणसाला ‘फिट’ म्हटलं की व्यायामाने कमावलेलं शरीर असाच अर्थ निघतो. देखण्या माणसाला तिथे ‘हॉट’ किंवा ‘क्यूट’ म्हणतात. म्हणूनच अमेरिकन मालिका पाहून इंग्रजी सुधारलेली आपली मुलंही इथे या शब्दापाशी अडखळतात. न्यू जर्सीतल्या मावशीला विचारून उपयोग नाही.

वॉर्डात

नर्सेसनी हा भाग नीट वाचावा, कारण रुग्णालयात हाच शब्द दिवसभर निरनिराळ्या कामांसाठी येतो आणि त्यांतल्या एका ठिकाणी सेकंदाला किंमत असते.

हॅंडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती देतात तेव्हा, ‘बेड सिक्स इज फिट’ ऐकलं, तर सहा नंबरचा रुग्ण वैद्यकीयदृष्ट्या घरी सोडण्याजोगा झाला आहे. पूर्ण शब्द ‘मेडिकली फिट फॉर डिस्चार्ज’, फळ्यावर एमएफएफडी अशी अक्षरं दिसतील. रुग्ण पूर्ण बरा झाला असा त्याचा अर्थ नाही. रुग्णालयात ठेवण्याचं वैद्यकीय कारण उरलेलं नाही, इतकंच. घरी मदतीला माणूस मिळेपर्यंत तो आठवडाभरही तिथेच राहू शकतो.

‘बेड सिक्स इज फिटिंग’ ऐकलं, तर हातातलं सोडून धावा. त्याला आकडी आली आहे. आपण ‘फिट आली’ म्हणतो तीच ही फिट, पण इथे तिचं क्रियापद होतं: ‘ही इज फिटिंग’, ‘शी फिटेड फॉर टू मिनिट्स’. कागदावर ‘सीझर’ (seizure, आपलं बाळंतपणातलं सिझर नव्हे) लिहितात, पण घाईच्या वेळी तोंडात ‘फिटिंग’च येतं. ‘फिट’ आणि ‘फिटिंग’ यांतला फरक तुमच्या कानाला झोपेतही कळायला हवा. मी नव्या मुलींकडून ही दोन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणवून घेते आणि प्रत्येक वाक्यानंतर त्या काय करतील ते विचारते.

‘फिट टेस्ट’ दोन आहेत. एक मास्कची. एफएफपी३ मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो की नाही ते बघायला डोक्यावर पारदर्शक टोपडं घालतात आणि आत गोड किंवा कडू फवारा सोडतात. चव लागली तर तो मास्क तुम्हाला चालत नाही, दुसरा बघायचा. दुसरी टेस्ट आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीची. शौचाच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, ते त्यात शोधतात. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी तिचं किट टपालाने घरी येतं. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून ‘फिट’ होतात, देखणेपणाशी किंवा मास्कशी तिचा संबंध नाही.

‘फिट नोट’ म्हणजे आजारपणाचा दाखला. पूर्वी त्याला ‘सिक नोट’ म्हणत, २०१० पासून नाव बदललं. सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला तुमचा स्वतःचा शब्द पुरतो, त्याहून जास्त दिवस झाले की फिट नोट लागते. जुलै २०२२ पासून डॉक्टरांखेरीज नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनाही ती देता येते. तुम्ही आजारी असताना मॅनेजर ‘हॅव यू गॉट अ फिट नोट?’ विचारते, तेव्हा ती हा कागद मागत असते.

आणि हे सगळं चालू असताना चहाच्या सुट्टीत कुणीतरी सहज म्हणतं, ‘द न्यू फिजिओ इज वेल फिट.’ सांगलीहून आलेल्या एका मुलीने यावर फार मनापासून उत्तर दिलं होतं: हो, रोज एवढे रुग्ण उचलायचे म्हणजे ताकद लागतेच. खोलीतल्या बायका हसल्या, प्रेमानेच हसल्या, पण त्या हसण्याचं कारण न कळल्यामुळे ती आठवडाभर चहाला येईना. तिला हा एक अर्थ आधी माहीत असता तर तो आठवडा वाया गेला नसता. अशा वेळी नुसतं हसून चहाचा घोट घेतला तरी चालतं. मत द्यायलाच हवं असं काही नाही.

बोलताना

पहिली गोष्ट स्वतःबद्दलची. भारतात ‘हाउ आर यू?’ला आपण ‘फिट अँड फाइन’ म्हणतो. इथे ते कुणी म्हणत नाही. नुसतं ‘आय ॲम फिट’ म्हटलंत तर तुम्ही स्वतःला देखणं म्हणवून घेताय असं तरुण माणसाच्या कानाला लागू शकतं. ‘फाइन, थँक्स’, ‘नॉट टू बॅड’, ‘ऑल राइट, यू?’ यांतलं काहीही चालेल.

दुसऱ्याबद्दल कधी म्हणावं? बरोबरीच्या वयाच्या, जवळच्या मित्रमैत्रिणींत, तिथे हजर नसलेल्या आणि कुणाचा नातेवाईक किंवा वरिष्ठ नसलेल्या माणसाबद्दल. माझ्या मते एवढंच. ‘यू आर फिट’ असं तोंडावर म्हणणं म्हणजे उघड ओढ दाखवणं आहे. ते आधीच जुळलेल्या दोघांत शोभतं, अनोळखी मुलीला रस्त्यावर किंवा ॲपवर पहिल्याच निरोपात नाही. मित्राच्या बहिणीबद्दल त्याच्यासमोर नको. मित्राच्या आईबद्दल तर मुळीच नको, शाळकरी मुलं ते एकमेकांना डिवचायला वापरतात. लहान मुलांबद्दल हा शब्द कधीही, कोणत्याही परिस्थितीत वापरायचा नाही. बाळाला ‘क्यूट’, ‘लव्हली’, ‘ॲडॉरेबल’ म्हणा.

कामाच्या जागी तो वापरूच नका. लोक वापरतात हे मी वर लिहिलंच आहे, तरी नका. समानता कायदा २०१० प्रमाणे छळ झाला की नाही हे ठरवताना बोलणाऱ्याच्या हेतूइतकाच ऐकणाऱ्यावर झालेला परिणामही पाहतात. ‘मी कौतुक केलं’ एवढ्याने सुटका होत नाही. शिवाय २६ ऑक्टोबर २०२४ पासून लैंगिक छळ होऊच नये म्हणून आधीच वाजवी पावलं उचलणं मालकावर बंधनकारक झालं आहे, त्यामुळे तक्रार आली की ती गांभीर्याने घेतली जाते. तुमचा व्हिसा नोकरीला जोडलेला असतो. एका शब्दासाठी तो टांगणीला लावू नका.

मग कौतुक करायचंच नाही का? जरूर करा, पण त्या माणसाने स्वतः निवडलेल्या गोष्टीचं करा. ‘आय लाइक युअर स्कार्फ’, ‘दॅट कलर सूट्स यू’, ‘यू लुक स्मार्ट’. लग्नाला, पार्टीला ‘यू लुक लव्हली’ बिनधास्त चालतं. कुणी व्यायाम करून वजन कमी केलं असेल आणि त्याने स्वतः तो विषय काढला असेल, तर ‘यू आर लुकिंग वेल’ म्हणा. तिथे ‘यू लुक फिट’ दोन्ही बाजूंनी वाचता येतं, म्हणून टाळा.

तुम्हालाच कुणी म्हणालं तर? आवडत्या माणसाकडून आलं तर ‘थँक यू’ पुरे. नको असलेल्या माणसाकडून आलं तर हसून विषय बदलण्याची सक्ती तुमच्यावर नाही. ‘प्लीज डोन्ट कॉमेंट ऑन माय लुक्स’ हे वाक्य पाठ करून ठेवा, सपाट आवाजात म्हणा, सॉरी लावू नका. रुग्ण म्हणाला तर मी ‘लेट्स गेट युअर ब्लड प्रेशर डन’ म्हणते आणि पट्टा बांधते. पुन्हा म्हणाला तर स्पष्ट सांगते आणि नोंद करते. सहकाऱ्याकडून वारंवार होत असेल तर तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवा आणि वॉर्ड मॅनेजरला सांगा. मॅनेजरच तो माणूस असेल तर युनियनकडे किंवा एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ‘फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन’कडे जा. आपल्या मुली ‘जाऊ दे ना ताई’ म्हणतात. जाऊ देऊ नका.

घरी मुलं असतील तर

नववी-दहावीतली मुलगी फोनवर मैत्रिणीला ‘ही इज सो फिट’ म्हणताना ऐकू आली, की आपल्याकडच्या आईबापांच्या पोटात गोळा येतो. त्या वाक्यात फक्त एवढंच आहे की मुलगा दिसायला बरा वाटला. तो शाळेतला असेल किंवा फुटबॉल खेळणारा, टीव्हीवरचाही असेल. ‘आय फॅन्सी हिम’ म्हटलं तर तिला तो आवडतो, मन थोडं गुंतलं आहे. ‘टॉकिंग टू हिम’ म्हणजे मेसेजची देवाणघेवाण त्या दिशेने चालू आहे. ‘सीइंग हिम’ म्हणजे भेटीगाठी होतात. ‘गोइंग आउट विथ हिम’ म्हणजे दोघांनी नातं जाहीर धरलं आहे. पायऱ्या ओळखता आल्या तर पहिल्या पायरीवरच आकांडतांडव होत नाही आणि पुढच्या पायऱ्यांबद्दल मूल आपणहून बोलतं.

‘ही इज पंचिंग’ ऐकून मारामारी झाली असं समजू नका. बॉक्सिंगमधल्या वजनगटावरून आलेला शब्द आहे. जोडीदार आपल्यापेक्षा फारच देखणा मिळाला आहे, असा त्याचा अर्थ. कान द्यायला हवा तो ‘मिंगर’, ‘मिंगिंग’, ‘बटर्स’ अशा शब्दांना, ते कुरूप म्हणून हिणवण्यासाठी वापरतात. तुमच्या मुलाला कुणी ते म्हणत असेल, किंवा तुमचं मूल दुसऱ्याला म्हणत असेल, तर दोन्ही वेळा शाळेशी बोलण्यासारखी गोष्ट आहे.

लेस्टरबाहेर

लंडनच्या मुलांत ‘फिट’च्या जोडीला ‘पेंग’ आणि ‘लेंग’ आहेत. पेंग चेहऱ्याला लागतो तसा चिकनच्या तुकड्यालाही लागतो. ‘बफ’ म्हणजे पिळदार. कार्डिफ, ब्रिस्टल आणि न्यूकॅसलकडे ‘लश’ म्हणतात. माझी भाची कार्डिफला शिकते, ती आता आमटीलाही लश म्हणते. वेल्समध्ये ‘टायडी’ म्हणजे नुसतं नीटनेटकं नव्हे, छान, आणि माणसाबद्दल असेल तर देखणंही. ईशान्य इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ‘बोनी’ आहे. तो जुना आणि सोज्वळ शब्द, आजीबाई तुम्हाला ‘बोनी लास’ म्हणाल्या तर आनंदाने घ्या. ‘डिशी’ मागच्या पिढीचा. २०२० मध्ये ऋषी सुनक अर्थमंत्री झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना ‘डिशी ऋषी’ म्हणायला सुरुवात केली, तो हाच. नाव यमकात बसलं म्हणून पुन्हा वर आला, एरवी तरुणांच्या तोंडी तो नाही.

आणि काही शब्दांत रूपाचा संबंधच नसतो, तिथे लाजू नका की चिडू नका. आमच्या मिडलंड्समध्ये बसचालक ‘मी डक’ (म्हणजे ‘माय डक’) म्हणतो, न्यूकॅसलला ‘पेट’, ग्लासगोत बायकांना ‘हेन’, ब्रिस्टलकडे चक्क ‘माय लव्हर’. ही आपल्या ‘अगं बाई’सारखी सहज हाक आहे.

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला जाणाऱ्यांनी मात्र वरचं सगळं बाजूला ठेवून वेगळं शिकायचं आहे. तिथल्या डोरिक बोलीत ‘व्हॉट’ला ‘फिट’ म्हणतात, ‘व्हेअर’ला ‘फार’ आणि ‘व्हेन’ला ‘फॅन’. कुणी दार उघडताच ‘फिट लाइक?’ म्हणालं तर तो ‘कसं काय?’ असं विचारतोय, ‘ने बॅड’ म्हणायचं. आणि वॉर्डातल्या आजोबांनी ‘फिट टाइम इज इट?’ विचारलं, तर घड्याळ बघून वेळ सांगायची.